खाल्लं तेवढ्याचेच पैसे

जकार्तात पोटभर आणि स्वस्त जेवायचं असेल तर पाट्या वाचत फिरू नये, खिडक्या बघाव्यात. रस्त्याकडच्या काचेमागे बशांवर बशा चढवून मनोरे रचलेले असले, त्यांत तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रश्शांतले तुकडे दिसत असले आणि पाटीवर दोन्ही टोकांना शिंगं फुटलेल्या छपराचं चित्र असलं, की ती पादांगची खानावळ. पादांग ही पश्चिम सुमात्राची राजधानी. तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांनी आपलं जेवण अख्ख्या इंडोनेशियात नेलं. सुलावेसीचं बंदर असो, बालीतली पर्यटकांची गल्ली असो, नाहीतर जावातलं बसस्थानक; ही खिडकी कुठेही सापडते.

माझ्या भाच्याचं ऑफिस जकार्तात जालान साबांगपाशी आहे. रस्त्याचं सरकारी नाव जालान हाजी आगुस सालिम, पण ते कुणी घेत नाही. आम्ही ‘बाजाई’ने गेलो. पुण्याच्या बजाजची तीनचाकी तिथल्या लोकांच्या तोंडी बाजाई होऊन बसली आहे. हल्ली त्या निळ्या रंगाच्या आणि गॅसवर चालणाऱ्या असतात. धक्के मात्र आपल्याइतकेच देतात. आगुस सालिम म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी आणि नंतरचे परराष्ट्रमंत्री. ते स्वतः मिनांगकाबाऊच होते. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर पादांगच्या खानावळी असाव्यात हे मला फार योग्य वाटलं.

दुपारचे बारा वाजून गेलेले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली ऑफिसातली माणसं, हेल्मेट मांडीवर ठेवलेले मोटारसायकलवाले, एक लग्नाच्या खरेदीला निघालेलं कुटुंब, सगळे एकाच घाईत. आम्ही बसलो न बसलो तोच एक पोरगा डाव्या हातावर कोपरापर्यंत बशा रचून आला आणि पत्ते वाटावेत तशा त्या टेबलावर मांडत गेला. बारा-चौदा तरी असतील. शेवटची बशी तर दुसऱ्या दोन बशांच्या काठांवर तोलून ठेवली. भात आला, वाफाळता बिनसाखरेचा चहा आला, आणि एका वाटीत लिंबाची फोड टाकलेलं पाणी.

“मावशी, ते पाणी प्यायचं नाही गं. हात धुवायचं आहे,” भाचा म्हणाला.

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. आणि खरंच होतं. आपल्याकडच्या हॉटेलांत एवढी वर्षं फिंगरबोल बघितलेले आहेत.

या पद्धतीला ‘हिदांग’ म्हणतात. मागायचं काही नाही. घरात शिजलेलं जवळजवळ सगळं समोर येतं. ज्या बशीला हात लावाल तिचे पैसे, न शिवलेली बशी परत जाते. बशीत दोन तुकडे असले आणि एक खाल्ला, तर एकाचेच पैसे. रस्सा भातावर ओढून घेतला आणि तुकडा तसाच ठेवला तर बहुतेक ठिकाणी रश्शाचे काही लावत नाहीत. नवख्या माणसाची यात दोन प्रकारे फजिती होते: एक, तो घाबरून काहीच घेत नाही; दोन, तो समजतो की मांडलं ते सगळं संपवायचं आहे. एकट्यादुकट्याने स्वस्तात जेवायचं तर मात्र हिदांगच्या वाटेला न जाता सरळ खिडकीपाशी उभं राहावं आणि बोट दाखवावं. लहान खानावळींत बहुतेक सगळे तसंच करतात. भात, एक कोंबडीचा नाहीतर माशाचा तुकडा, पाला, चटणी, वर दोन-तीन रश्शांचं मिश्रण, एवढं साधारण पंचवीस हजार रुपियांत मिळतं. आकडा ऐकून दचकू नये. ते आपले दीडशेच्या आतच होतात.

माझं जन्मगाव रत्नागिरीकडचं. त्यामुळे नारळाच्या रसाचं मला अप्रूप नव्हतं, तरी त्या टेबलावर नारळाने किती रूपं घेतली होती हे बघून मी चाट पडले. फणसाच्या कोवळ्या गऱ्यांची ‘गुलाई’, म्हणजे पातळ पिवळी आमटी, गलांगल आणि हळदीच्या वासाची. हळदीची पानं आम्ही पातोळ्यांना वापरतो. इथे ती दुमडून थेट रश्शात सोडतात. शेजारी ‘आसाम पादेह’, माशाचं तांबडं, आंबटतिखट कालवण, नारळाशिवाय. त्यातला आंबटपणा मला ओळखीचा वाटला. नंतर बाजारात तो पदार्थ बघितला तेव्हा कारण कळलं. ‘आसाम कांदिस’ नावाची ती काळी वाळकी फोड आपल्या आमसुलाच्याच कुळातली, गार्सिनिया गोत्रातली.

‘आयाम पोप’ हा प्रकार मात्र कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात बसणार नाही. नारळाच्या पाण्यात लसूण घालून शिजवलेली, साल काढलेली, तेलातून नुसती दाखवून काढलेली पांढरीफटक कोंबडी. दिसायला आजाऱ्याचं जेवण. बरोबरची टोमॅटोची तांबडी चटणी लावून खाल्ली की मत बदलतं. आणि उकडलेला कसाव्याचा पाला. ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो त्याच झाडाची ही पानं. कच्ची विषारी असतात, म्हणून भरपूर उकळून पाणी टाकून देतात. त्यांना स्वतःची चव फारशी नाही, पण हिरव्या मिरचीच्या भरड चटणीबरोबर ती ताटातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरते, कारण बाकी सगळं तिखट आणि तेलकट असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या जेवणाचा कणा गोमांस आहे. सुकवून तळलेले पातळ काप, फुप्फुसाचे कुरकुरीत तुकडे, पायाचे स्नायू, मेंदूची गुलाई, सगळं एकाच जनावराचं. डुक्कर नाही, कारण मिनांगकाबाऊ लोक कट्टर मुसलमान. मी गोमांस खात नाही. तेव्हा चार शब्द पाठ करून गेले होते: सापी म्हणजे गाय, आयाम म्हणजे कोंबडी, इकान म्हणजे मासा, तेलूर म्हणजे अंडं. बशीकडे बोट करून विचारलं की पोरं न कंटाळता सांगतात. भाच्याने काय काय खाल्लं ते मी माझ्या बहिणीला सांगणार नाही. शुद्ध शाकाहारी माणसाची मात्र इथे पंचाईत आहे. फणसाच्या गुलाईतसुद्धा मांसाचं पाणी असू शकतं आणि चटणीत वाळके मासे. त्यांच्यासाठी दुसरी खानावळ आहे, तिच्याकडे येतेच.

रेंदांग मी कोंबडीचं खाल्लं. मूळ प्रकार गाईचा किंवा म्हशीचा. मांस नारळाच्या घट्ट रसात मिरची, आलं, गलांगल, गवती चहा, हळदीचं पान घालून तासन्‌तास मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी त्याची गुलाई होते. पाणी आटलं, रस दाट तपकिरी झाला की तो ‘कालिओ’. तिथेही थांबायचं नाही. रस पूर्ण आटून नारळाचं तेल सुटतं, मांस त्या तेलात परतून काळपट होतं, तेव्हा कुठे रेंदांग. जकार्तातल्या स्वस्त खानावळींत रेंदांग म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा कालिओच असतं. जळण आणि वेळ दोन्ही वाचतात, शिवाय आटून वजन कमी होत नाही. खरं कोरडं रेंदांग फ्रीजशिवाय आठवडेच्या आठवडे टिकतं.

खिडकीतल्या मनोऱ्यांचं रहस्य या टिकण्यात आहे. पहाटे एकदा स्वयंपाक होतो आणि दिवसभर तोच विकला जातो. आचारी गिऱ्हाइकाच्या फर्माइशीसाठी थांबलेला नसतो, म्हणून बसल्याबरोबर जेवण येतं. पदार्थ कोमट असतात, त्याबद्दल तक्रार करणारं मला तिथे कुणी दिसलं नाही. गरम भात तेवढा हवा. परत गेलेली बशी दुसऱ्याच्या टेबलावर जाते, हे उघड आहे. मला ते जरा खटकलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या टेबलावर कुणी बशीत उष्टा हात घातला नाही, घ्यायचं ते चमच्याने घेतलं. ही शिस्त सगळ्या गिऱ्हाइकांनी पाळली तरच धंदा चालतो.

जेवण झाल्यावर तोच पोरगा आला. त्याने उरलेल्या बशांवर एक नजर फिरवली, ओठ हलवले आणि कागदाच्या चिठोऱ्यावर रक्कम लिहिली. कुठून काय आणलं होतं ते त्याच्या डोक्यात, कमी काय झालं ते समोर. भाच्याने लाख रुपियांची तांबडी नोट दिली. तिच्यावर सुकार्नोंच्या शेजारी मोहम्मद हात्ता आहेत, देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष, जन्म बुकितिंग्गीचा. म्हणजे तेही याच मुलखातले.

हा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो असं पर्यटक हळवे होऊन सांगतात. मला तसं वाटत नाही. यामागे पक्का हिशेब आहे, आणि तो हिशेब गिऱ्हाइकापुरता नाही. जुन्या पद्धतीच्या पादांग खानावळीत नोकरांना महिन्याचा पगारच नसायचा. मालाचा आणि इतर खर्च वजा करून उरलेला नफा मालक आणि कामगार यांच्यात वाटायचा. कामगारांच्या वाट्याचे पुन्हा भाग पडायचे. त्या भागांना ‘मातो’ म्हणतात. मुख्य आचाऱ्याचे मातो जास्त, खिडकीपाशी वाढणाऱ्याचे त्याहून कमी, भांडी घासणाऱ्या नव्या पोराचे सगळ्यात कमी. साधारण दर शंभर दिवसांनी वही उघडून वाटप होतं. आता बऱ्याच ठिकाणी सरळ पगार देतात, पण मातोची रीत संपलेली नाही. आमच्या टेबलाचा हिशेब करणारा पोरगा एकही बशी का विसरत नाही, याचं उत्तर त्या वहीत मिळतं. त्याच्या चुकीचा तोटा शंभर दिवसांनी त्याच्याच मातोत दिसणार असतो. भांडी घासणारा पोरगा पाच-सात वर्षांत वाढपी होतो, मग आचारी, मग चार मातोवाले मिळून नवी खानावळ टाकतात. मालकाला प्रतिस्पर्धी तयार होतात खरे, पण पादांगची खिडकी देशभर पसरली ती अशीच.

मुळात ही माणसं घर सोडतात कशाला? मिनांगकाबाऊ हा जगातला सर्वांत मोठा मातृवंशीय समाज मानला जातो. वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. मुलाने वयात आलं की बाहेर पडावं, कमवावं, जग बघावं अशी रीत. तिला ‘मेरांताऊ’ म्हणतात. त्यात राजकारणाची भर पडली. 15 फेब्रुवारी 1958 रोजी पादांगला जकार्ताविरुद्ध बंडखोर सरकार जाहीर झालं. जकार्ताने सैन्य पाठवून ते मोडलं. 1961पर्यंत सगळं संपलं आणि हरलेल्या प्रांतातून माणसांचे लोंढे जावाकडे निघाले. शिकलेल्यांनी नोकऱ्या धरल्या, बाकीच्यांनी चुली मांडल्या. ज्या शहराने बंड चिरडलं त्याच शहराला या लोकांनी आपल्या मिरचीची सवय लावली. इंडोनेशियन माणसं हे फारसं बोलत नाहीत. भाच्याच्या ऑफिसातल्या एका वयस्क गृहस्थांनी जेवताना सहज सांगितलं आणि लगेच विषय फुटबॉलवर नेला.

आता ती दुसरी खानावळ. ‘वार्तेग’ म्हणजे तेगालवाल्यांचं वारुंग, छोटी खानावळ. तेगाल हे मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. इथे मनोरे नाहीत, नक्षीदार छप्पर नाही. काचेचं कपाट, त्यात स्टीलच्या परातींतून भाज्या, समोर एक लांब फळी आणि एक लांब बाक. चिंचोळ्या जागेत शेजारच्याच्या कोपराला कोपर लावून बसायचं. गोड सोयासॉसमध्ये परतलेलं तेंपे, नारळाच्या पातळ रसातली वांग्या-शेंगांची भाजी, नाळीची भाजी, अंड्याची पोळी, तुपकट काही नाही. तेंपे म्हणजे उकडलेलं सोयाबीन बुरशी लावून आंबवलेली वडी. आपल्याकडे महागड्या दुकानांत आरोग्याच्या नावाखाली मिळते. इथे ती हमालाचं जेवण आहे. भाज्या आणि भात दहा-पंधरा हजार रुपियांत होतो. जेवून उठलं की काय काय खाल्लं ते आपणच सांगायचं: भात, तेंपे, भाजी, चहा. काउंटरमागची बाई मान हलवत बेरीज करते.

वार्तेगची कुळकथा सांगतात ती मजुरांची. स्वातंत्र्यानंतर जकार्ता वाढत होतं, 1962च्या आशियाई खेळांसाठी मोठमोठी बांधकामं निघाली. जावातून मजूर आले आणि त्यांच्या मागोमाग तेगालच्या बाया चुली घेऊन आल्या. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची मला तिथे आठवण झाली, एका फरकासकट. वार्तेगं पुष्कळदा दोन नातलग कुटुंबं मिळून चालवतात. तीन-चार महिने एक कुटुंब जकार्तात राबतं, दुसरं गावाकडे शेती आणि पोरंबाळं बघतं. मग अदलाबदल. गल्ला ज्याच्या पाळीत येईल त्याचा. दुकान चोवीस तास उघडं ठेवणाऱ्या माणसांनी शोधून काढलेली ही सुट्टी मला मातोइतकीच हुशारीची वाटली. रमजानात वार्तेगच्या काचेवर पडदा ओढलेला असतो. खालून बाकावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. कुणाचे ते कुणी विचारत नाही.

स्वस्ताईवरून पादांगवाल्यांत भांडणंही आहेत. गेल्या काही वर्षांत जागोजागी “सगळं दहा हजारांत” अशा पाट्या लावलेल्या पादांग खानावळी निघाल्या. तुकडा लहान, रस्सा पातळ, आचारी बहुधा जावानीज. ऑक्टोबर 2024मध्ये जावाच्या चिरेबोन शहरात जुन्या खानावळवाल्यांच्या संघटनेने अशा काही दुकानांच्या काचांवरची ‘पादांग’ ही अक्षरं खरवडून काढली. त्याचे व्हिडिओ देशभर पसरले आणि मोठं वादळ उठलं. पादांगचं जेवण करायला पादांगचाच जन्म लागतो का, असं लोक विचारू लागले. आमच्यात यावर वाद झाला. भाचा म्हणाला, “मावशी, दहा हजारांत जेवणाऱ्याला दुसरं काय परवडतं?” माझं म्हणणं, भाव पाडून टिकायचं तर शेवटी मातोवाल्याचाच मातो कापला जाणार. आम्ही दोघंही आपापल्या जागी ठाम राहिलो. एक दहा हजारी जेवणही त्याने मला खिलवलं. वाईट नव्हतं. अंड्यावरची मिरची झणझणीत होती, रेंदांगचा रस मात्र गोड.

मग आम्ही सुमात्राला गेलो. पादांगच्या विमानतळावरून बुकितिंग्गीचा रस्ता आनाई खोऱ्यातून चढतो, धबधबा जवळजवळ रस्त्यावरच पडतो. गंमत म्हणजे या मुलखात पादांग खानावळ अशी पाटीच दिसत नाही. नुसतं ‘रुमाह माकान’, जेवणघर. स्वस्त असेल तर ‘आम्पेरा’. बुकितिंग्गी थंड हवेचं गाव, मध्यावर 1926 साली बांधलेला घड्याळाचा मनोरा, त्याच्या खालच्या अंगाला उतारावरचा बाजार. तिथे जेवणाच्या गाळ्यांची एक ओळ आहे, लोस लांबुआंग. जवळच्या कापाऊ गावातल्या बायका तिथे बसतात.

कापाऊची मांडणी जकार्तासारखी नाही. बाई उंचावर बसलेली, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी मोठाले टोप, आणि हातात लांब दांड्याचा डाव. आपण खाली बाकावर. ती वरून डाव खोल टोपात बुडवते आणि न सांडता आपल्या ताटलीपर्यंत आणते. बशा मांडणं नाही, परत नेणं नाही. आणि भाज्यांची गुलाई! फणस, कोबी, चवळीच्या लांब शेंगा, बांबूचे कोंब, सगळं एकाच पिवळ्या रश्शात, आंबूस आणि जाडसर. मेंदू, आतडी, गाभोळी भरलेले मासे यांच्यासाठी लोक लांबून येतात. मला विचाराल तर त्या सगळ्या ओळीत ही भाज्यांची गुलाई पहिली, आणि ती सगळ्यात स्वस्तही.

आमच्या बाकावर जकार्ताहून सुट्टीवर आलेला एक गृहस्थ होता. तिथे त्याची स्वतःची खानावळ आहे. तो बाईंना ‘उनी’ म्हणजे ताई म्हणत होता आणि त्यांच्याशी हुज्जत घालत होता: शहरातल्या लोकांना एवढं तिखट सोसत नाही, साखर घालावीच लागते. उनी ऐकून घेत नव्हत्या. साखर घालायची असेल तर पाटी काढ, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणताना त्या त्याच्या ताटलीत आणखी गुलाई वाढत होत्या.

भाच्याने जकार्तात शिकलेली हाळी इथे वापरून बघितली: “तांबुआ चिएक!” म्हणजे आणखी एक वाढा. बाकावरची सगळी माणसं हसली, बहुतेक त्याच्या उच्चाराला. भात आला, वरून फणस आला, आणि मी ताटली पुढे करायच्या आत डाव माझ्याकडे वळलेला होता.